सिंधूची जबानी

आज मी तुमच्याशी एका खोट्या जबानीबद्दल बोलणार आहे. ती देणारी बाई नाटकातली होती. पण तिची ती जबानी शंभर वर्षांहून अधिक काळ आपल्या घराघरांत, दवाखान्यांत आणि पोलीस ठाण्यांत पुन्हा पुन्हा दिली जाते आहे. त्या बाईचं नाव सिंधू. नाटकाचं नाव तुम्ही ओळखलंच असेल, 'एकच प्याला'.

मराठी रंगभूमीवर शोकांतिका म्हटलं की पहिलं नाव याच नाटकाचं निघतं. राम गणेश गडकऱ्यांनी ते लिहिलं आणि २३ जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी, ते सावनेरला वारले. सावनेर म्हणजे आपल्या नागपूर जिल्ह्यातलं. पुण्या-मुंबईच्या रंगभूमीचा हा राजा शेवटचा श्वास घ्यायला विदर्भात आला होता. 'एकच प्याला' रंगमंचावर बघणं त्याच्या नशिबी नव्हतं. पदंही लिहायची राहून गेली. ती विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली. गडकरी गेल्यानंतर महिनाही उलटला नव्हता, तोच २० फेब्रुवारी १९१९ ला गंधर्व नाटक मंडळीनं बडोद्याला पहिला प्रयोग केला. सुधाकर झाले गणपतराव बोडस आणि सिंधू झाले बालगंधर्व.

कथा थोडक्यात सांगतो. सुधाकर हा हुशार आणि मानी वकील. कचेरीत खटका उडतो, त्याची सनद काही काळासाठी जाते. अपमानानं जळणाऱ्या या माणसासमोर त्याचा कारकून तळीराम पहिला प्याला धरतो. पुढची वाट ठरलेलीच. घर बुडतं. सिंधूचं माहेर श्रीमंत, भाऊ न्यायला येतो. पण ती नवऱ्याला सोडून जायला तयार होत नाही. माहेरचा पैसा नको म्हणते आणि लोकांची दळणं दळून संसार चालवते. शेवटी दारूच्या अंमलात नवऱ्याच्या हातून तान्हं मूल मरतं आणि सिंधूला जीवघेणा मार लागतो. फौजदार येतो. मरता मरता सिंधू नवऱ्यावर काहीही बालंट येणार नाही असंच सांगते आणि प्राण सोडते. सुधाकर विष घेऊन संपतो. पडदा पडतो आणि नाट्यगृह हुंदके देत उठतं.

मी बी.ए.ला मराठी वाङ्मय घेतलं होतं. आमच्या घरी बोली वेगळी, शाळेत मराठी आणि गल्लीत झाडीबोली. पण कविता लिहायला बसलो तेव्हा हाताशी मराठीच आली. तर बी.ए.च्या वर्गात सिंधूबद्दल आम्ही काय लिहीत होतो? आदर्श आर्य स्त्री, पतिव्रता, त्यागमूर्ती. त्यावर गुण मिळायचे. घरी मात्र वेगळाच निकाल लागला. माझी अम्मी विड्या वळताना आकाशवाणी नागपूर ऐकायची. नाट्यपदं तिला पाठ होती. मी तिला नाटकाचा शेवट वाचून दाखवला. ती पानावरून हात न काढता म्हणाली, "म्हणजे बाई खोटं बोलून मेली. आणि मुलाच्या बाजूनं कोण बोललं?"

मंडळी, अम्मी चौथी शिकलेली होती. पण तिचा हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीनंही चोख होता.

१८७२ सालचा भारतीय पुरावा कायदा सिंधूच्या काळात लागू होता. त्याच्या कलम ३२ नुसार, मरणाऱ्या माणसानं आपल्या मृत्यूच्या कारणाबद्दल केलेलं कथन पुरावा म्हणून चालतं. मरणाच्या दारात उभा असलेला माणूस खोटं बोलत नाही, असं त्यामागचं गृहीतक. आता तो कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम आला, तरी ही तरतूद कलम २६ मध्ये कायम आहे.

आता जरा थांबून बघा. सिंधूला आयुष्यभर कोणी काही विचारलं नाही. नवरा प्यायला लागला तेव्हा तिचं मत चाललं नाही, घर विकलं जात होतं तेव्हा चाललं नाही. तिच्या शब्दाला सरकारदरबारी पहिल्यांदा वजन आलं ते मरणाच्या घटकेला. फौजदार तिच्या तोंडाकडे बघतो आहे. एका वाक्यात ती खुनाचं नाव सांगू शकते. आणि आयुष्यात एकदाच हाती आलेली ती सत्ता ती कोणासाठी वापरते? जिनं तिला मारलं त्या हातासाठी. नवरा वकील होता हेही विसरू नका. शब्दांनी लोकांना सोडवणं हा त्याचा धंदा. सनद गेली म्हणून तो कोसळला. इकडे शेवटची वकिली सिंधूनं केली, सनदेशिवाय, आणि तीही त्याच्याच बाजूनं.

ही गोष्ट फक्त आपल्या मातीतली आहे असंही नाही. गडकरी शेक्सपिअरचे निस्सीम भक्त होते. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'त संशयानं पेटलेला नवरा देस्दिमोनाचा गळा घोटतो. दासी एमिलिया धावत येऊन विचारते, हे कुणी केलं? मरणारी देस्दिमोना सांगते, कुणी नाही, माझं मीच. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० मध्ये 'झुंझारराव' या नावानं हे नाटक मराठीत आणलं, म्हणजे सिंधूच्या आधी जवळजवळ तीस वर्षं मराठी प्रेक्षकाला अशा बाईची ओळख झाली होती. फरक इतकाच की 'ऑथेल्लो'त एमिलिया गप्प बसत नाही. स्वतःच्या नवऱ्याचं कपट ती चारचौघांत उघडं करते आणि त्यासाठी जीव गमावते. एक स्त्री खोटं बोलून मरते, दुसरी खरं बोलून मरते. शोकांतिकेत दोघींनाही मरण चुकत नाही; पण लोकांना पहिलीच लक्षात राहते.

'एकच प्याला'तही खरं बोलणारी बाई आहे. तळीरामाची बायको गीता. ती फटकळ आहे, नवऱ्याला तोंडावर सुनावते. पण गडकऱ्यांनी तिला बसवलं कुठं? विनोदाच्या खोलीत. ती बोलते तेव्हा प्रेक्षक हसतात, सिंधू सोसते तेव्हा रडतात. रडवणारी ती थोर आणि बोलणारी ती गमतीची, हा हिशेब आपण नाटकातून घरी नेला. मला वाटतं, या नाटकानं बायकांना जे शिकवलं त्यातला मोठा भाग सिंधूच्या संवादांत नाही, या हशा-रडण्याच्या वाटणीत आहे.

आता सिंधू कोण होतं तेही बघू. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. पुरुषानं लिहिलेली स्त्री पुरुषानंच उभी केली. त्यांच्या गळ्याबद्दल मी पामरानं काय बोलावं! फाटक्या, ठिगळाच्या लुगड्यात जात्यावर बसलेली त्यांची सिंधू बघून माणसं ढसढसा रडत. गंधर्वांचं नेसणं, चालणं, केसांत फुलं माळणं घरंदाज बायका उचलत होत्या. बाईनं कसं दिसावं, कसं बोलावं आणि कसं सोसावं, याचा धडा बाया एका पुरुषाकडून घेत होत्या. खरी बाई रंगमंचावर यायला मात्र समाजाची तयारी नव्हती. १९२९ च्या सुमारास हिराबाई बडोदेकरांनी आपल्या नाटक मंडळीत स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच करायचा पायंडा पाडला. हिराबाई म्हणजे उस्ताद अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांची लेक. पुढं १९३० च्या दशकाच्या अखेरीस गोहरबाई कर्नाटकी गंधर्वांच्या कंपनीत आल्या आणि गंधर्वांच्या गाजलेल्या स्त्रीभूमिका त्या करू लागल्या. त्यांच्या वाट्याला गाण्याच्या कौतुकापेक्षा बोलणीच अधिक आली. ठिगळाच्या लुगड्यातल्या पुरुषासाठी रडणारा समाज खऱ्या बाईकडे इतक्या मायेनं बघत नव्हता.

एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल. सिंधूला दुसरा रस्ता होता का? १९१९ मध्ये तिच्यासारख्या उच्चवर्णीय हिंदू घरातल्या बाईला घटस्फोटाचा कायदा नव्हता. गंमत अशी की ज्या बडोद्यात हे नाटक पहिल्यांदा झालं, त्याच बडोदा संस्थानानं सयाजीरावांच्या राजवटीत १९३१ मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा केला. मुंबई इलाख्यात तो १९४७ मध्ये झाला. आणि आपल्याकडे? गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं आणि भंडारा मध्य प्रांत-वऱ्हाडात. आपल्या बायांना १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यापर्यंत थांबावं लागलं. मुसलमान स्त्रीला क्रूर वागणुकीच्या कारणानं न्यायालयातून विवाह मोडून घ्यायचा हक्क १९३९ च्या कायद्यानं मिळाला होता. पण माझ्या नात्यातल्या कोण्या बाईनं त्याचा वापर केल्याचं मी लहानपणी ऐकलं नाही. कायदा दिल्लीत होता, आणि त्या चुलीपाशी.

पण याला आणखी एक बाजू आहे, आणि ती आपल्या झाडीतली आहे. इथल्या कितीतरी शेतकरी, कष्टकरी आणि आदिवासी समाजांत काडीमोड होती, पाट होता. नवरा नांदवत नसेल तर पंचांसमोर मोकळं होऊन बाई दुसरं घर करत असे. त्यात सारं गोड होतं असं मी म्हणणार नाही. पंच पुरुषच असत आणि दंडही बसे. तरी दार होतं. सिंधूची कोंडी ही पांढरपेशा घराची कोंडी होती. धान रोवणाऱ्या आणि मोहफुलं वेचणाऱ्या बाईची कोंडी वेगळी होती.

मग ही सिंधू आमच्या झाडीत आली कशी? रंगमंचावरून आली. दिवाळी झाली, भाऊबीज झाली की आपल्याकडे मंडई भरते. पाहुणे येतात, दिवसा पट नाहीतर दंडार आणि रात्री नाटक. रात्री सुरू झालेलं नाटक उजाडेपर्यंत चालतं. वडसा देसाईगंजला नाटक मंडळांची कार्यालयं आहेत आणि गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या चारही जिल्ह्यांत त्यांच्या गाड्या हंगामभर धावतात. २०२३ मध्ये याच रंगभूमीवरच्या डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा साऱ्या झाडीपट्टीला आपलाच सत्कार झाल्यासारखं वाटलं. दंडारीत आणि खडीगंमतीत बाईचं सोंग पुरुष घ्यायचा. पण ते सोंग नवऱ्याला टोमणे मारायचं, पाटलाची फिरकी घ्यायचं. पुढं संगीत नाटकाच्या वळणावरची सामाजिक नाटकं आली, आणि त्यांच्याबरोबर दारुडा नवरा आणि सोसणारी बायको आली. जिच्या आजीनं काडी मोडली असेल, तिची नात मंडपात बसून सिंधूच्या लेकीबाळींसाठी रडू लागली. कुंकू, मंगळसूत्र, सौभाग्य हे शब्द नाटकांच्या पाट्यांवर चढले ते आजतागायत.

काही वर्षांपूर्वी एका मंडळासाठी मी पदं लिहिली. नाटकाच्या शेवटी नायिका नवऱ्याच्या मारानं मरते आणि त्याला क्षमा करते. मी दिग्दर्शकाला म्हटलं, "भाऊ, एकदा तिला खरं बोलू द्या ना." तो हसला. म्हणाला, "कवीभाऊ, बाया रडल्या नाहीत तर पुढच्या वर्षी गाववाले आपल्याला बोलावतील का?" त्याचंही खोटं नव्हतं. नाटकावर तीसेक माणसांचं पोट असतं. पण ती भूमिका करणारी बाई बाजूला बसून ऐकत होती. ती नंतर मला म्हणाली, "दादा, प्रयोग संपला की बाया रंगपटाच्या मागं येतात. कोणी माझा हात धरतात, कोणी पदर सरकवून खांद्यावरचा वळ दाखवतात. मी स्टेजवर क्षमा केली म्हणून त्या येत नाहीत. त्यांना कोणाला तरी दाखवायचं असतं, म्हणून येतात."

मी हे वाक्य पुष्कळ दिवस मनात घोळवलं आणि गडकऱ्यांकडे परत गेलो. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. 'एकच प्याला'च्या आधी, १९१६ मध्ये, त्यांचं 'पुण्यप्रभाव' आलं होतं. त्यात वसुंधरेच्या पातिव्रत्याचं तेज इतकं की दुष्ट वृंदावनही बदलतो. स्त्रीचं सोसणं पुरुषाला सुधारतं, ही जुनी श्रद्धा तिथं जिंकते. त्यानंतर 'एकच प्याला'त गडकऱ्यांनी तीच श्रद्धा पुन्हा तपासायला घेतली. सिंधूच्या पातिव्रत्यात तसूभर उणं नाही. आणि निकाल काय? नवरा सुधारत नाही, मूल वाचत नाही, ती वाचत नाही. तिच्या खोट्या जबानीनं नवरा फासातून सुटतो म्हणावं, तर तोही विष घेऊन जातो. तिच्या साऱ्या त्यागाच्या बदल्यात एक जीवही वाचलेला नाही. याच नाटकात सुधाकरची बालविधवा बहीण शरद आहे. विधवेनं पुन्हा संसार मांडावा, हा विचार तिच्या निमित्तानं नाटकात येतो. म्हणजे जिथं रूढी मोडते तिथं जगण्याची आशा आहे, आणि जिथं रूढी पुरेपूर पाळली जाते तिथं प्रेतं आहेत.

गडकऱ्यांना हे म्हणायचं होतं का, यावर विद्वानांनी वाद घालावा. पण नाटकात ते आहे. आपण शंभर वर्षं सिंधूची पूजा केली आणि तिचा हिशेब मात्र वाचला नाही. अम्मीनं तो एका दमात वाचला होता. मुलाच्या बाजूनं कोण बोललं, हा प्रश्न विचारला की पातिव्रत्याची सारी महिरप गळून पडते. कारण नवऱ्याला क्षमा करणं एक वेळ सिंधूच्या हातात होतं. मुलाच्या वतीनं क्षमा करण्याचा अधिकार तिला कोणी दिला?

आज कायदे बदलले आहेत. छळाविरुद्ध ४९८ अ हे कलम १९८३ मध्ये आलं. भारतीय न्याय संहितेत आता ते कलम ८५ आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २००५ मध्ये झाला आणि २००६ मध्ये लागू झाला. त्यात घरात राहण्याचा हक्क आहे, म्हणजे सिंधूला माहेर की मार अशी निवड करायची गरज नाही. तरी २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत काय दिसलं? हिंसा सोसलेल्या दर १०० स्त्रियांपैकी जेमतेम १४ जणींनी मदत मागितली. उरलेल्या बाकीच्या जणींचं काय? "पायरीवरून घसरले", "बैलानं ढुसणी दिली", "स्टोव्हचा भडका उडाला". या साऱ्या सिंधूच्याच जबान्या आहेत. त्यांना खोटारड्या म्हणायला माझी जीभ रेटत नाही. खरं सांगून परत त्याच घरात जायचं असेल, लेकरं तिथंच असतील, तर खरं बोलण्याची किंमत काय पडते हे त्यांनाच ठाऊक. खरं बोलायला धैर्य लागतं असं आपण म्हणतो. मला वाटतं, धैर्याच्या आधी रात्री निजायला दुसरी जागा लागते.

म्हणून मला आपल्याकडची एक जबानी फार मोलाची वाटते. गावातलं दारूचं दुकान बंद करण्यासाठी महाराष्ट्रात मतदान घेता येतं. २००८ च्या नियमांप्रमाणे गावातल्या २५ टक्के महिलांनी किंवा मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान होतं. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद. दारूबंदीनं सगळं होतं असं मी मानत नाही. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे, चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. चोरटी दारू कुठं मिळते ते आपण जाणतो. बाटली गेली तरी हात उगारणारा माणूस घरातच असतो, आणि सुधाकरच्या हातात काठी दारूनं दिली की मालकीच्या भावनेनं, हा वाद उरतोच.

पण त्या मतदानातली एक गोष्ट बघा. बाई पडद्याआड जाते. तिथं नवरा नसतो, दीर नसतो, पंच नसतात. ती शिक्का मारते, आणि त्या शिक्क्यावर तिचं नाव नसतं. सिंधूसमोर फौजदार उभा होता, भाऊ उभा होता आणि पायाशी नवरा होता. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. तिला एकटीला, कुणाची नजर अंगावर नसताना, कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती?

यंदाच्या मंडईत तुमच्या गावी असं नाटक आलं, आणि ते येईलच, तर जरूर बघा. रडू आलं तर रडा. मात्र घरी जाताना बैलबंडीत किंवा मोटारसायकलवर मागं बसलेल्या बाईला हा प्रश्न विचारून बघा. ती काय उत्तर देते ते नीट ऐका. आणि ती काहीच बोलली नाही, तर तेही ऐका.